छप्पर विकत आणू नका





दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळेत विज्ञान व हस्तकला प्रदर्शनाची गडबड सुरू होते. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी मिळून एक छोटे रेल्वे स्टेशन करायचे ठरवले आहे. त्यात स्टेशनची इमारत असेल, मालधक्क्याची शेड असेल, सिग्नलची केबिन, गँगमनची खोली आणि दोन क्वार्टर्स असतील. आपल्या दादरा नगर हवेलीत रेल्वेचा रूळ नाही. गाडी पकडायची तर वापी नाहीतर भिलाड गाठावे लागते. म्हणूनच की काय, आपल्या मुलांना रेल्वेचे आकर्षण जरा जास्तच आहे.

आजच्या लेखात मी त्या स्टेशनच्या फक्त छपराविषयी लिहिणार आहे. एवढ्याशा गोष्टीवर मुख्याध्यापकाने अख्खा लेख का लिहावा, असे काहींना वाटेल. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते, ती नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावी.

दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातही एक रेल्वे स्टेशन होते. दिसायला फार सुंदर. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, फलाटावर पेटणारे दिवे. परीक्षकांत मीही होतो. आम्ही त्याला पहिला क्रमांक दिला. बक्षीस वाटून झाल्यावर मी त्या गटातल्या एका मुलीला सहज विचारले, "बाळ, हे छप्पर कशाचे आहे?"

ती म्हणाली, "सर, थर्माकोलचे."

"ते तुमच्या मॉडेलचे झाले. खऱ्या स्टेशनवर कशाचे असते?"

ती गप्प बसली. मी जवळ जाऊन पाहिले. छपरावर विटांसारख्या चौकोनी रेघा ओढल्या होत्या. ती कौले नव्हती, पत्रा नव्हता आणि स्लॅबही नव्हता. मॉडेल दुकानात ऑर्डर देऊन करून घेतलेले होते, मुलांनी ते फक्त उचलून आणले होते. आम्ही तिघा परीक्षकांनी मात्र बक्षीस देण्याआधी हा साधा प्रश्नही विचारला नव्हता. चूक मुलांची नव्हती, आमची होती.

दुसरी गोष्ट मला महिनाभराने कळली आणि ती जास्त लागली. त्या गटात सुरुवातीला सहा मुले होती. प्रदर्शनात पाचच दिसली. सहाव्या मुलाने वर्गशिक्षिकेला सांगितले होते, "बाई, मला आवड नाही." पालकसभेत त्याच्या आईने बोलता बोलता खरे कारण सांगितले. मॉडेलसाठी प्रत्येकी तीनशे रुपये काढायचे ठरले होते. महिन्याची अखेर होती. मुलाने घरी पैसे मागितलेच नाहीत आणि शाळेत 'आवड नाही' म्हणून मोकळा झाला. हा मुलगा सातवीत होता. सातवीतल्या मुलाने आई-वडिलांची अडचण ओळखून स्वतःची हौस गिळावी, याचे कौतुक करावे की आपल्याला लाज वाटावी? मला तरी लाज वाटली.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. शाळेतल्या मॉडेलचे छप्पर मुलांनी स्वतः करावे, घरात पडून असलेल्या वस्तूंतून करावे आणि मापात करावे. या तीन अटी एकत्र पाळायच्या. पहिल्या दोनच पाळल्या तर काय होते, ते आधी सांगतो.

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपण शाळांमधून इतके वापरले की त्यांचा अर्थ 'कसेही चिकटवा' असा झाला आहे. पत्र्याचे छप्पर हवे असले की मुले खोक्याचा पुठ्ठा घेतात, त्याचा वरचा कागद सोलतात, आतल्या पन्हळींना चंदेरी रंग फासतात आणि झाला पत्रा! गेल्या वर्षी आम्हीही असेच केले. मग पट्टी घेऊन मोजायला बसलो. आमचे मॉडेल ५० पट लहान, म्हणजे खऱ्यातले ५० सेंटीमीटर आमच्याकडे १ सेंटीमीटर. खोक्याच्या जाड पुठ्ठ्यात दोन पन्हळींमधले अंतर साधारण ६ मिलीमीटर असते. त्याला ५० ने गुणा. ३० सेंटीमीटर आले. खऱ्या पन्हळी पत्र्यात हे अंतर ३ इंच, म्हणजे ७६ मिलीमीटर असते. आमच्या छपराच्या एकेका पन्हळीत मांजर आरामात झोपले असते!

मुले खूप हसली. पण त्या हसण्यातून त्यांना जे कळले ते फळ्यावर प्रमाणाची दहा उदाहरणे सोडवून कळले नसते. नंतर एका मुलीने बल्बचे लहान खोके आणले. त्याचा पुठ्ठा पातळ होता आणि पन्हळी ३ ते ३.५ मिलीमीटरवर होत्या. ५० ने गुणल्यावर १५ ते १७ सेंटीमीटर आले. लोखंडी पत्र्याला हेही जास्तच. पण सिमेंटच्या नालीदार पत्र्यात दोन पन्हळींमधले अंतर १४६ मिलीमीटर असते. सामरवरणीतल्या कितीतरी चाळींवर तोच पत्रा आहे. म्हणजे बल्बचे खोके लोखंडी पत्रा म्हणून चुकीचे होते आणि सिमेंटचा पत्रा म्हणून जवळजवळ बरोबर होते. वस्तू फुकटची होती, पण ती कुठे वापरायची हे मोजल्याशिवाय कळले नाही.

इथे एक सूचना. नमुना म्हणून जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा कोणीही तोडून आणू नये. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. मोजमाप खालून, नजरेने किंवा फोटोवरून घ्यावे.

आता लोखंडी पत्र्याकडे वळू. ७६ मिलीमीटरला ५० ने भागले तर दीड मिलीमीटर येते. दीड मिलीमीटरवर पन्हळी पाडायच्या कशाने? कंगवा वापरून पाहिला, जमले नाही. तेव्हा मला त्या सहाव्या मुलाचे वडील आठवले. ते कारखान्यात फिटर आहेत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यांना शाळेत बोलावले. त्यांनी पिशवीतून एक आट्यांचा रॉड काढला, ज्याला त्यांच्या लाईनीत एम-१० म्हणतात. जाडी १० मिलीमीटर आणि आटे बरोबर दीड मिलीमीटरवर! जेवणाच्या पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापून चमच्याच्या पाठीने सपाट केला, जुन्या रबरी चपलेवर ठेवला आणि त्यावर रॉड दाबून फिरवला. हुबेहूब पन्हळी पत्रा!

फक्त पन्हळी किंचित तिरक्या आल्या. मला वाटले आमचा हात हलला. ते म्हणाले, "सर, आटा एका फेऱ्यात दीड मिलीमीटर पुढे सरकतो. रेघ सरळ कशी येईल?" आम्ही हिशेब केला. १० मिलीमीटर जाडीचा रॉड एका फेऱ्यात ३१ मिलीमीटर चालतो. म्हणजे १० सेंटीमीटर फिरवला तर रेघ जवळजवळ अर्धा सेंटीमीटर सरकणार. पट्टीने मोजले तर तेवढेच भरले. उपाय सोपा होता. पत्र्याचे तुकडे डब्याच्या कडेने न कापता पन्हळीच्या रेघेने कापायचे. मी विज्ञानाचा पदवीधर. पण त्या दिवशी शिक्षक ते होते आणि मी विद्यार्थी.

खरा पत्रा साधारण ८ फूट लांब आणि पावणेतीन फुटांच्या आत रुंद असतो. म्हणून अख्खे छप्पर एका तुकड्याचे करू नये. ४९ मिलीमीटर लांब आणि १६ मिलीमीटर रुंद असे तुकडे कापावेत आणि शेजारच्या तुकड्यावर एक पन्हळ चढवून चिकटवावेत. ॲल्युमिनियमवर पांढरा फेव्हिकॉल नीट धरत नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप धरते. पत्रा जुना दाखवायचा असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा आणि खिळ्यांच्या जागी ओल्या गेरूचा ठिपका द्यावा. गंज चढल्यासारखा दिसतो. हा पन्हळी पत्रा मुळात बंदरातल्या गोदामांसाठी जन्मला. लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सपाट पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो वाकत नाही, हे मुलांनी डब्याच्या तळावर स्वतः करून पाहिले.

कौलांचे काम मला जास्त जवळचे. माझे बालपण खंडव्याला गेले. तिथे आम्ही कौलांना 'कवेलू' म्हणायचो. इकडे आल्यावर 'कौल' शब्द ऐकला आणि दोघे भाऊ-भाऊ भेटल्यासारखे वाटले. चपटी मंगलोरी कौले बासेल मिशनने मंगळूरमध्ये १८६५ साली कारखाना काढल्यावर पसरली आणि रेल्वेच्या कितीतरी इमारतींवर चढली. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटीमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटीमीटर रुंद असते. एकावर एक चढल्यावर त्यातले सुमारे ३२ बाय २० सेंटीमीटर उघडे दिसते. आपल्या मॉडेलमध्ये ते ६.४ बाय ४ मिलीमीटर होते.

यासाठी सर्वात उत्तम वस्तू म्हणजे जुनी लग्नपत्रिका! आपल्या घरांत त्यांना तोटा नाही. पत्रिकेच्या ८ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीला ४-४ मिलीमीटरवर कात्रीने चिरा द्याव्यात, पण वरची कडा अखंड ठेवावी. चिकटवायला वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जावे, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर चढते. पाणी खाली वाहते, म्हणून खरे छप्परही असेच शाकारतात. उलटे चिकटवले तर मॉडेल गळणार नाही, पण पाहणाऱ्याला कळेल की मुलाने छप्पर कधी नीट पाहिलेच नाही. वरच्या आणि खालच्या ओळीतले सांधे एका रेषेत असतात की आडवेतिडवे, हे मी मुद्दाम सांगत नाही. आपल्या गावात जुन्या घरांवर कौले आहेत. मुलांनी जाऊन पाहावे. रंगासाठी बाजारातली बाटली नको, गेरूत थोडा फेव्हिकॉल मिसळावा. गेरूला जे शोभते ते लाल ऑइलपेंटला शोभत नाही.

गँगमनच्या खोलीवर जुनी नळीची कौले हवी असतील तर संपलेली बारीक रिफिल घ्यावी. तिची जाडी साधारण ३ मिलीमीटर असते, म्हणजे खऱ्यातली १५ सेंटीमीटर. तिच्यावर खळ लावलेला वहीचा कागद दोन वेढे गुंडाळावा, वाळला की नळी काढून घ्यावी, लांबीने मधोमध चिरावी आणि तुकडे करावेत. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी. आमच्या शिपाईमामांनी लहानपणी घरावर हेच काम केले आहे. त्यांनी मुलांना जसे दाखवले तसे मला सांगता येणार नाही.

आता शंकांकडे वळतो, कारण त्या रास्त आहेत.

पहिली शंका वेळेची. एक पालक मला म्हणाले, "सर, नववीचे वर्ष आहे. मुलांनी कागदाची कौले कापत बसायचे का?" त्यांना मी मुलांची वही दाखवली. इमारतीची अर्धी रुंदी ६० मिलीमीटर, आढ्याची उंची ४५. मग छपराचे पाखे किती लांब? पायथागोरसने ७५. वळचणीसाठी १० वाढवले, झाले ८५. त्याला ६.४ ने भागले तर कौलांच्या १३ ओळी. इमारत २४० मिलीमीटर लांब, म्हणजे एका ओळीत ६० कौले. एका पाख्यावर ७८०. मग मुलांनीच पडताळा घेतला. खऱ्या मापात ते पाखे ५१ चौरस मीटर होते. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. म्हणजे ७६५. कागदावरच्या कौलांचा आणि खऱ्या कौलांचा हिशेब १५ च्या फरकाने जुळला! यात भूमिती आहे, प्रमाण आहे, क्षेत्रफळ आहे. मग हा वेळ अभ्यासाबाहेरचा कसा?

दुसरी शंका दिसण्याची. दुकानातले मॉडेल जास्त चकचकीत दिसते, हे खरे आहे. पण चकचकीत म्हणजे खरे नव्हे. पुण्याला जाणे झाले तर कोथरूड भागातले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान आहेत. त्या मापात मंगलोरी कौल ५ मिलीमीटरपेक्षाही लहान होईल. आपल्या मुलांच्या हाताला ते झेपणार नाही, म्हणून आपण ५० पट घेतले. आपल्या मापात ब्रॉडगेजचे दोन रूळ साडेतेहतीस मिलीमीटर अंतरावर येतात. त्या संग्रहालयासारखे काम आपल्याकडून होणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण माप सांभाळण्याची शिस्त मात्र तिथून घेण्यासारखी आहे.

तिसरी शंका टिकण्याची. पुठ्ठा आपल्याकडच्या पावसाळी हवेत वाकतो, हे आम्ही गेल्या वर्षी भोगले आहे. मालधक्क्याच्या शेडचे छप्पर जुलैत पापडासारखे वळले. कारण आम्ही रंग एकाच बाजूला दिला होता. दोन्ही बाजूंना हात द्यावा आणि खाली आडव्या काड्यांच्या रिपा द्याव्यात, म्हणजे वाकणे पुष्कळ कमी होते. थर्माकोल वाकत नाही हे मान्य. पण सजावटीचे थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. शाळेनेच ते आणायला लावायचे आणि नागरिकशास्त्रात नियम पाळायला शिकवायचे, हे कसे चालेल?

चौथी शंका कोणी बोलून दाखवली नाही, पण मला जाणवते. पार्सलचा डबा, जुनी पत्रिका, संपलेली रिफिल, हे सगळे 'गरिबीचे' दिसते असे काहींना वाटते. शाळा फी घेते, मग मुलांना कचरा का गोळा करायला लावते? यावर माझे उत्तर एकच आहे. पैसे देऊन केलेल्या छपराखाली पाचच मुले मावली होती. मला सहावा मुलगा हवा आहे. ज्यांना परवडते त्यांच्या मुलांचेही यात नुकसान नाही. उलट विकतच्या छपराने त्या पाच जणांनाही काही शिकवले नव्हते.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनासाठी शाळेने पुढील नियम केले आहेत.

१. कोणत्याही गटाने मुलांकडून वर्गणी काढू नये. टेप, फेव्हिकॉल, गेरू, कात्री शाळा देईल.

२. तयार मॉडेल किंवा तयार छप्पर आणल्यास ते मांडता येईल, पण स्पर्धेत धरले जाणार नाही.

३. प्रत्येक मॉडेलजवळ एक कागद असेल. खरी वस्तू कोणती, तिचे खरे माप किती, मॉडेलमधले माप किती आणि ती कशाची केली, हे मुलांनी आपल्या हस्ताक्षरात लिहावे.

४. परीक्षक आधी प्रश्न विचारतील आणि नंतर गुण देतील. हा नियम आमच्यासाठी आहे.

५. ब्लेड आणि कटर फक्त शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरायचे. पार्सलच्या डब्याची कडा बोट कापते, म्हणून तो घरून धुऊन पाठवावा, कापायचे काम शाळेत होईल.

वाचनालयाबाहेर एक मोठे खोके ठेवले आहे. जुन्या लग्नपत्रिका, संपलेल्या रिफिली, पार्सलचे डबे आणि बल्बची खोकी त्यात टाकावीत ही विनंती. ज्या पालकांना सुतारकाम, फिटरकाम, गवंडीकाम किंवा कौले शाकारायचे काम येते, त्यांनी सुट्टीच्या दिवशी तासभर शाळेत यावे. मानधन देणे शाळेला शक्य नाही, चहा मात्र नक्की मिळेल. आपल्या हातात जे आहे ते आमच्या पुस्तकांत नाही, हे मी रॉडच्या त्या तिरक्या रेघेवरून शिकलो आहे.

तो सहावा मुलगा आता नववीत आहे आणि यंदा छपराच्या गटात आहे. त्याला आवड आहे की नाही, हे मी विचारलेले नाही. परवा मधल्या सुट्टीत तो एकटाच बसून कौलांच्या ओळी मोजत होता. मला पाहून म्हणाला, "सर, बारावी ओळ अर्ध्या मिलीमीटरने सरकली आहे. काढून परत लावू का?"

मी म्हणालो, "लाव."

आपला,
मुख्याध्यापक